कालिकतच्या पुढचं बंदर

"मिऱ्यांसाठी? नुसत्या मिऱ्यांसाठी येवढा समुद्र वलांडून आली ही मानसं? आन हितं मी खिचडीत चार मिरं टाकलं, तर कार्टी येक-येक निवडून ताटाच्या कडंला लावत्यात!"

हे बोलणं वर्गासाठी नव्हतं. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या साळूबाई खिडकीखाली तांदूळ निवडत होत्या आणि सुपाशी बोलत होत्या. पण सूप आणि खिडकी यांच्यात हातभराचंच अंतर. आठवीच्या एकवीस पोरांनी ते ऐकलं, वर्ग खो-खो हसला, आणि अंबिकाबाई फळ्यावर काढत होत्या ती आफ्रिका अर्धीच राहिली.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "साळूबाईंनी विचारलं तेच त्या काळच्या राजेलोकांनी विचारलं. एवढ्या लांब कशाला जायचं? आता तुम्ही सांगा. तुम्ही कोलंबस आहात. तुम्हाला राणीकडून जहाजं हवीत आणि राणी म्हणते, कशाला? लिहा पत्र. वळवा तिचं मन."

मन वळवायचं लेखन ही अंबिकाबाईंची त्या वर्षीची नवी टूम होती. वीस वर्षं त्या मुलांना मागणीपत्र शिकवत आल्या होत्या. 'क्रीडासाहित्य मिळण्याबाबत', 'रोपे मिळण्याबाबत'. मुलं ते गाईडातून पाठ करायची, तारखेसकट. एका वर्षी तर अख्ख्या वर्गाने गाईडातलंच गाव उतरवलं होतं. तेव्हा बाईंनी ठरवलं, मराठीच्या तासाला इतिहासात भिजवायचं. दोन्ही विषय त्यांच्याकडेच होते, त्यामुळे परवानगी कुणाची घ्यायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. करणने लिहिलं होतं, 'माननीय महोदया, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की मला तीन जहाजे मिळावीत. माझ्या घरची परिस्थिती हलाखीची आहे. तरी सहकार्य करावे. आपला आज्ञाधारक विद्यार्थी, कोलंबस.' निकिताने मात्र थेट हात घातला होता. 'राणीबाई, तुम्ही कधी बिनमसाल्याची भाजी खाल्ली आहे का?'

"ही वळवणार राणीला," बाई म्हणाल्या. "कारण हिने राणीच्या पोटाचा विचार केलाय. करण, तुझ्या घरच्या परिस्थितीचं राणीला काय? ज्याला पत्र लिहायचं त्याला काय हवंय आणि तो कशाला भितोय, ते आधी ओळखायचं. त्याच्या मनातला 'पण' त्याच्याआधी आपणच बोलून दाखवायचा. मग तो ऐकतो."

बोरदरा हे जामखेडपासून नऊ किलोमीटरवरचं गाव. अंबिकाबाईंचं घर नगरला, सावेडीत. आठवडाभर जामखेडला भाड्याची खोली, तिथून स्कूटीवर शाळा, आणि शनिवारी दुपारची एसटी धरून घरी. असं नववं वर्ष चाललं होतं. गावात समुद्र पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तरीही आठवीच्या पोरांना दर्यावर्दी हा शब्द समजावून सांगावा लागला नाही. तो गावच्या फाट्यावरच लिहिलेला होता, दहा बाय आठ फुटांत.

साळूबाईंचा थोरला मुलगा सुनील. दीड वर्षापूर्वी बोटीवरच्या नोकरीसाठी त्याची निवड झाल्याचं पत्र आलं आणि गावाने त्याच आठवड्यात त्याचा सत्कार केला. आमच्याकडे सत्काराला कळ निघत नाही. पोरगं परीक्षेचा फॉर्म भरतं तेव्हाच फेटेवाल्याला सांगावा जातो. फ्लेक्सवाल्याने सुनीलचं डोकं कुण्या कॅप्टनच्या पांढऱ्याशुभ्र अंगावर चिकटवलं. मागे बोट, बोटीच्या मागे न मावलेलं इंद्रधनुष्य, खाली बावीस शुभेच्छुकांचे फोटो. 'बोरदऱ्याचा पहिला दर्यावर्दी!' मुख्याध्यापक विष्णुपंत सरांनी भाषण केलं, हलगी वाजली, आणि सुनीलला टेम्पोतून जामखेडच्या स्टँडवर पोचवण्यात आलं. तो गेला तो गेलाच. दीड वर्षात एकदाही घरी आला नव्हता.

आता बोटीवरच्या माणसाला सुट्टी नसते, हे कुणालाही पटावं. पण सुनील बोटीवर नव्हता. तो नगरलगतच्या नागापुरात होता, एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये.

अंबिकाबाईंना हे कळलं गेल्या श्रावणात. नागापूरच्या चौकात त्या रिक्षाची वाट बघत होत्या आणि समोर वडापावच्या गाडीशी निळ्या शर्टातला सुनील उभा होता. त्याने बाईंना पाहिलं. हातातला वडा तसाच कागदात गुंडाळला, आणि जवळ येऊन एवढंच म्हणाला, "बाई, गावात न्हाई ना सांगणार?" बाई म्हणाल्या, "नाही." नंतर हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की सांगण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं. नागापुरात बोरदऱ्याची सहा-सात पोरं कामाला होती. दर सणाला ती घरी यायची. म्हणजे गावाला माहीत होतं. आणि गावाने तोंड असं मिटलं होतं, की गुरांच्या गोठ्यातसुद्धा कुणी बोलत नव्हतं. साळूबाई समोर आल्या की बायका विचारायच्या, "काय म्हनतोय बोटवाला?" साळूबाई म्हणायच्या, "बरा हाय." झालं.

दर रविवारी संध्याकाळी सुनीलचा फोन यायचा. एकदा साळूबाई बाईंना सांगत होत्या, "मागनं घरघर यती. म्हनला, इंजिन हाय. असंल बाई. पर काल मधीच कुनीतरी वरडलं, कांदे घ्या बटाटे घ्या." एवढं बोलून त्या थांबल्या, पातेल्यात पळी फिरवली, आणि म्हणाल्या, "समुद्रात बी लागतच असत्याल की कांदं."

"लागतातच," बाई म्हणाल्या.

सगळ्यात अवघड अवस्था होती सुनीलच्या वडिलांची, गहिनीनाथांची. त्यांना गावात उठबस करावी लागायची. डिसेंबरात एका सकाळी अंबिकाबाई फाट्यावरच्या हॉटेलात चहाला थांबल्या, तर गहिनीनाथ चौघांना सांगत होते, "आता आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातलाय त्यानं. लई वारं असतंय म्हन तिथं."

चौघांनी माना डोलावल्या. एकाने विचारलं, "फुडं?"

"फुडं मोझांबिक."

बाईंनी कप खाली ठेवला. आफ्रिकेचं टोक त्यांनी सोमवारी शिकवलं होतं. मोझांबिक मंगळवारी. सुनीलची धाकटी बहीण ज्ञानेश्वरी आठवीतच होती, पहिल्या बाकावर. संध्याकाळी ती वही उघडून बसायची, बाप शेजारी बसून ऐकायचा, आणि दुसऱ्या दिवशी वास्को द गामाच्या पाचशे वर्षांपूर्वीच्या वाटेने स्वतःच्या पोराला पुढं ढकलायचा. शुक्रवारी सुनील मालिंदीला पोचला. बाईंनी पुढची पानं मोजली, कारण त्यानंतर कालिकत होतं, आणि कालिकतला धडा संपत होता.

त्यांनी धडा लांबवला. मधेच परत कोलंबस घेतला. नगरच्या वाचनालयातून आणलेल्या एका जाड पुस्तकात त्यांना एक गोष्ट सापडली होती, ती सांगितली. दुसऱ्या सफरीत कोलंबस क्युबा बेटाच्या कडेकडेने जात राहिला. ते बेट आहे असं दिसत होतं, पण त्याला तो आशिया हवा होता. मग त्याने आपल्या खलाशांना रांगेत उभं केलं, लेखनिकाला बोलावलं आणि प्रत्येकाकडून शपथ लिहून घेतली, की हा मोठा खंडच आहे, बेट नाही. पुढे जो कुणी उलट बोलेल त्याला दंड, आणि त्याची जीभ कापायची.

"आयला!" करण म्हणाला आणि जीभ चावली.

"मग कुणीच बोललं नाही?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"सगळ्यांनी शपथ घेतली."

"भिऊन?"

"जिभेची भीती असणारच."

ज्ञानेश्वरीने थोडा वेळ वहीच्या कडेवर पेन्सिल घासली. "का त्याला वाईट वाटंल म्हणून?"

हे पुस्तकात नव्हतं. अंबिकाबाईंनी फळा पुसायला घेतला, जो आधीच पुसलेला होता.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं. पण मुलांची पत्रं विष्णुपंत सरांच्या हातात पडली. सर दीड वर्षाने निवृत्त होणार होते आणि शाळेचं नाव व्हावं असं त्यांना फार वाटे. पत्रं वाचून ते उभेच राहिले. "बाई, राणी मेली केव्हाची. मुलांना जिवंत माणसाचं मन वळवू द्या! येत्या सव्वीस जानेवारीला आपला सुनील प्रमुख पाहुणा. पोरं त्याला पत्रं लिहितील, रजा काढून ये म्हणून. काय?"

अंबिकाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. सरांना खरंच माहीत नव्हतं, की तेही शपथ घेतलेल्यांतलेच होते? चष्म्यामागे काही दिसेना. आणि नको म्हणायचं, तर का नको ते सांगावं लागलं असतं.

"छान कल्पना आहे," त्या म्हणाल्या. स्वतःचाच राग येऊन खोलीवर जाताना त्यांनी स्कूटी दोनदा बंद पाडली.

पोरांनी मात्र जीव ओतला. समोरच्याला काय हवंय ते आधी ओळखायचं, हे आता त्यांना पाठ झालं होतं. निकिताने लिहिलं, 'सुनीलदादा, तुम्हाला तिथं हुरडा मिळत नसणार.' करणने लिहिलं, 'तुमचा कॅप्टन सोडत नसेल तर आम्ही त्याला वेगळं पत्र लिहू, नमुना सोबत जोडला आहे.' ज्ञानेश्वरीने पत्र दिलं नाही. "लिहिते आहे," म्हणाली.

वीस पत्रांचा गठ्ठा झाला. पत्ता विचारायला सरांनी साळूबाईंना बोलावलं. "बोटीला कुठला आलाय पत्ता," साळूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "द्या माझ्याकडं. मी धाडते."

शनिवारी शाळा सुटली. अंबिकाबाई स्कूटी काढत होत्या, तेव्हा साळूबाई मागून आल्या. हातात गठ्ठा आणि एक स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला.

"बाई, तुमी नगरला चाललाय न्हवं?"

"हो, आता चारची गाडी."

"नगरचं पोस्ट मोठं असतंय. तितनं लवकर पोचतंय म्हनत्यात."

बाईंनी पत्रं घेतली. डबा साळूबाईंनी नुसता पुढं धरला होता.

"आणि हा?" बाईंनी हळूच विचारलं.

"शेंगाच्या पोळ्या हायत. त्याला आवडत्यात." साळूबाई स्कूटीच्या आरशाकडे बघत होत्या. "बघा, पोस्टानं जमलं तर. दोन दिवसांत पोचल्या तर मऊ ऱ्हात्यात."

एकीने विचारलं असतं तर दुसरीने सांगितलं असतं. पण आधी कुणी विचारायचं? बाईंनी डबा पिशवीत ठेवला. "पोचेल," त्या म्हणाल्या. "उद्याच पोचेल."

रविवारी दुपारी त्यांनी वर्कशॉपमध्ये निरोप धाडून सुनीलला नागापूरच्या चौकात बोलावलं. तो अंगाने भरला होता. बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलं होतं, पण बोलण्यात जरा ठामपणा आला होता. आता मशीन स्वतः चालवतो, दोन पोरं हाताखाली आहेत, म्हणाला. डब्याचं फडकं सोडलं, पोळी मोडली आणि मोठा घास तोंडात घातला.

"झालं काय होतं?" बाईंनी शेवटी विचारलं. पाच महिने अडकलेला प्रश्न होता.

"निवडीचं पत्र आलं, सत्कार झाला, मंग मुंबईत मेडिकल." त्याने फडक्याला हात पुसले. "डोळ्यांत नापास. लाल आन हिरवं मला सारखंच दिसतंय. बोटीवर रात्री लाल-हिरवे दिवे असतात, ते वळखू आले न्हाई तर घेत न्हाईत. त्यांची बी चूक न्हाई." तो हसला. "बाई, तुमीच मला सहावीत बोलला होता. झेंड्याला वर-खाली एकच रंग दिला म्हनून. दहा येळा काढाय लावला होता."

अंबिकाबाईंना ते आठवत नव्हतं. न आठवणं जास्त लागलं. दहा वेळा त्या पोराने झेंडा रंगवला असेल, दहा वेळा चुकला असेल, आणि त्यांनी वळून विचारलं नाही की बाळ, तुला दिसतंय काय?

"त्याच दिवशी परत यायचं होतंस."

"कसा येणार? टेम्पोनं, हलगी लावून घातलं मला गावानं. तो फ्लेक्स हाय का अजून?"

"आहे."

"मंग मी फाट्यावर उतरू कसा? त्याच्याच खाली यस्टी थांबती." त्याने पत्रांचा गठ्ठा उघडला. हुरड्यापाशी हसला, कॅप्टनच्या नमुन्यापाशी मोठ्यांदा हसला, आणि मग पत्रं नीट एकावर एक लावली. "लई गोड लिहिलंय. यांना काय सांगू? बाई, तुमीच लिहून द्या की एक पत्र. बोटीवरून आल्यागत. रजा न्हाई मिळाली, पुढल्या वर्षी बघू. तुमी मास्तरीन. तुमचं लिहिलेलं पटंल सगळ्यांना."

"आणि पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षीचं पुढल्या वर्षी." तो उठला, डबा नळावर धुतला आणि समोरच्या दुकानात जाऊन आला.

आता कबूल करायला हवं, की ते पत्र अंबिकाबाईंनी लिहिलं. त्याच संध्याकाळी, सावेडीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. लिहिताना त्यांना वाटलं होतं हात अडेल, पण तो धावतच सुटला. उडणारे मासे आले, पाण्यावरची चंद्राची पट्टी आली, कॅप्टन कडक पण प्रेमळ आहे हे आलं. मुलांच्या मनातला प्रत्येक 'पण' त्यांनी आधीच ओळखून मिटवला. नवरा मागून वाचून म्हणाला, "कोण आहे हा? चांगला लिहितो." बाई म्हणाल्या, "माझा विद्यार्थी," आणि एका खोट्याला दुसरं खोटं जोडलं.

सोमवारी त्यांनी डबा साळूबाईंना परत केला. साळूबाईंनी झाकण उघडलं. तळाशी मूठभर साखर होती. रिकामा डबा परत करायचा नाही, एवढी आईची शिकवण पोराने पाळली होती. साळूबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवली.

"पोस्टवाली मानसं चांगली हायत," त्या म्हणाल्या. "वाळलाय का?"

कोण, ते त्यांनी म्हटलं नाही.

"नाही. भरलाय उलट."

"बरं हाय," साळूबाई म्हणाल्या, आणि चुलीकडे वळल्या.

प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या शनिवारी सरांनी पालकसभा बोलावली. पत्रवाचन, मग पाहुण्याची घोषणा. आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, "उत्तर आलं का काही?" आणि अंबिकाबाई बोलून गेल्या, "आलंय." ज्ञानेश्वरी तिथेच फळ्यावर सुविचार लिहीत होती. तिचा खडू थांबला. ती वळून बाईंकडे बघत राहिली. ओरडा खाल्लेलं पोर बघतं तशी नव्हे, ओरडणारी आई बघते तशी. बाईंनी मान खाली घातली.

पटांगणात सतरंज्या पडल्या. साठ-सत्तर माणसं आली. गहिनीनाथ पुढे बसले होते, इस्त्रीची टोपी घालून. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा सुनील कालिकतला लागला होता आणि तेव्हापासून तिथेच उभा होता. कुणी विचारलं की म्हणायचे, "माल उतरवत्यात." आज पत्रातून पुढचं बंदर कळणार, म्हणून ते मान उंचावून बघत होते. साळूबाई स्वयंपाकखोलीच्या दारात, पाठ चौकटीला टेकून.

निकिताने वहीतल्या कच्च्या प्रतीवरून वाचलं, लोक हसले. करणने वाचलं, टाळ्या पडल्या. मग ज्ञानेश्वरी उठली.

"माझं पत्र सुनीलदादाला नाही," ती म्हणाली. "कोलंबसाला आहे. त्याच्या बोटीवरच्या माणसांच्या घरून."

सर म्हणाले, "वा! वाच."

तिने कागद दोन्ही हातांनी धरला. 'प्रिय दादा, तुम्ही सगळ्यांकडून शपथ लिहून घेतली, म्हणून सगळे गप्प आहेत. पण तुमच्या भीतीनं नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तुम्हाला वाटत असेल की आम्हाला आशियाच पाहिजे. आम्हाला आशिया नको आहे. तो कुठं असतो हेसुद्धा आईला माहीत नाही. तुम्ही म्हणाल, पण राणीनं वाजतगाजत पाठवलं, आता मोकळ्या हातानं कसं यायचं? तर राणीला आम्ही सांगू. ती चार दिवस बोलेल आणि मग तिची कामं तिला असतील. तुम्ही बेटावर असलात तरी चालेल. बेट जवळ असेल तर उलट बरं. दर शनिवारी येता येईल. तुमच्या वाटणीचं ताट आई अजून वाढते आणि मग मला खायला लावते. मला दोन माणसांचं जेवण जात नाही.'

ती खाली बसली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सतरंजीवरची माणसं सतरंजीच बघत होती. एकजण खोकला, आणि बरेचजण खोकले.

विष्णुपंत सरांनी चष्मा काढून पुसला. "छान," ते म्हणाले. "विषय थोडा... पण छान. कल्पना छान. तर आता, आपल्या सुनीलचं पत्र आलेलं आहे. ते अंबिकाबाई वाचून दाखवतील."

अंबिकाबाई उठल्या. पर्समधून कागद काढला, उलगडला. अक्षर मुद्दाम बदललेलं होतं, उजवीकडे कललेलं. "माझ्या छोट्या दोस्तांनो," त्यांनी वाचलं, "काल रात्री डेकवर उभा होतो आणि पाण्यावर चंद्राची..."

वाक्य चांगलं होतं. ते इतकं चांगलं होतं की पुढे वाचवेना. त्यांनी वर पाहिलं. पहिल्या ओळीत ज्ञानेश्वरी मांडीत हात घेऊन बसली होती आणि ऐकत नव्हती.

"वाचा की बाई," गहिनीनाथ म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कंच्या बंदराला हाय, तेवढं तरी..."

सांगावं, आत्ता सांगावं, असं त्यांच्या मनात येत होतं, आणि तोंडातून पुढची ओळच येऊ पाहत होती.

"ठिवा बाई ते," दारातून आवाज आला.

साळूबाई चौकट सोडून पुढं आल्या होत्या. पटांगणाच्या मधोमध आल्यावर, इतकी माणसं आहेत हे जणू तेव्हाच दिसल्यासारख्या थांबल्या. पदर नीट केला. आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"बसा तुमी. दमला असाल त्याला हिकडनं तिकडं फिरवून." मग सरांकडे वळल्या, मग सगळ्यांकडे. "माजा सुनील बोटीवर न्हाई. कंदीच नव्हता. नागापुरात हाय, कारखान्यात, मशीनवर. त्याला ल्हानपनापासनं लाल-हिरवं कळत न्हाई, त्यापायीच घेतलं नसंल त्याला. आन तुमाला सगळ्यांला हे ठावं हाय. आता फाट्यावरचा तो फ्लेक्स उतरवा, म्हंजी माजं पोर यस्टीतनं तितं उतरंल."